उजनीच्या पाण्याखालची वाळू : हिवाळी तपासणीचा एक अभ्यास

भीमा नदीवर माढा तालुक्यातील उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव असून एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. यापैकी जवळजवळ ६४ अब्ज घनफूट हा मृतसाठा होय. पाणी पूर्ण संचय पातळीला, म्हणजे समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरला पोहोचले की करमाळा, इंदापूर, दौंड व कर्जत या तालुक्यांतील काठची गावे पाण्याला येऊन भिडतात. भीमेचे जुने पात्र त्या पाण्याच्या तळाशी आहे. पळसदेवचे जुने देऊळ किंवा कुगावचा जुना वाडा उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे उघडा पडतो व लोक तो पाहण्यास जातात. परंतु त्याच पात्रातील वाळू पाहण्यास कोणी जात नाही. ती नेण्यास मात्र जातात, आणि त्यासाठी पाणी ओसरण्याची वाटही पाहत नाहीत.

वाळू हे कायद्याच्या भाषेत गौण खनिज आहे. म्हणजेच वाळूचा घाट ही एक खाणच होय. चंद्रपूर किंवा वणी भागातील कोळशाची खाण आणि भीमेच्या पात्रातील वाळूचा घाट यांचे आकारमान व पैसा यांत तुलना होऊ शकत नाही. तरी पर्यावरणविषयक अटींच्या पालनाचा नियम दोहोंना एकच आहे. केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पास पर्यावरण मंजुरी मिळते, त्याच्या चालकाने मंजुरीतील अटी कितपत पाळल्या याचा अहवाल दर सहामाहीस, १ जून व १ डिसेंबर रोजी, सादर करावयाचा असतो. लहान घाट या बंधनातून सुटतील अशी पूर्वी समजूत होती. ५ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राच्या गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितल्यानंतर ती समजूत संपली.

कोळशाच्या खाणीत हिवाळ्यातील तपासणी मुख्यतः हवेची असते. थंड हवेचा थर जमिनीलगत साचतो, धूळ वर जात नाही, आणि पाणी शिंपडण्याची व्यवस्था कागदावर आहे की रस्त्यावर, हे सकाळी सात वाजता उभे राहिले तरी कळते. सोलापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. कोळसा येतो तो रेल्वेने, फताटेवाडी–आहेरवाडी परिसरातील औष्णिक विद्युत केंद्रासाठी, आणि त्या केंद्राला लागणारे पाणी उजनीचेच आहे. धरणाकाठच्या गावांना जी खाण दाराशी दिसते ती वाळूची, आणि तेथे तपासावयाचे ते हवेऐवजी पाणी व तळ.

हिवाळाच का?

पावसाळ्यात नदीपात्रातून वाळू काढण्यास मनाई असते. राज्याच्या वाळूविषयक धोरणात हा काळ १० जून ते ३० सप्टेंबर असा धरलेला आहे. ऑक्टोबरात पूर ओसरतो, नदीने त्या वर्षी कोठे किती वाळू आणून टाकली ते दिसू लागते, आणि उपसा अजून सुरू व्हावयाचा असतो. पात्राची पातळी मोजून ठेवण्याची हीच वेळ. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०२० च्या वाळू उत्खनन देखरेख मार्गदर्शिकेत पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पात्राचे सर्वेक्षण करून भर किती पडली हे ठरविण्यास सांगितले आहे, त्याचा हेतू हाच. त्यानंतर दोन महिन्यांनी १ डिसेंबरचा अहवाल येतो. अहवालातील मजकूर आणि पात्रातील वस्तुस्थिती ताडून पाहण्यास डिसेंबर–जानेवारीइतका अनुकूल काळ दुसरा नाही.

तपासणीच्या दृष्टीने या दिवसांची एक अडचणही आहे. रात्र मोठी असते, पहाटे जलाशयावर धुके असते, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असल्याने काठचे रस्ते रात्रंदिवस उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात. त्या रांगेत वाळूचा एखादा ट्रॅक्टर सहज मिसळून जातो. दिवसा अकरा वाजता जीपने जाऊन केलेली पाहणी म्हणूनच फारशी उपयोगी पडत नाही. घाटाच्या मंजुरीत सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत काम करण्याची अट असेल, तर ती पाळली जाते की नाही हे सूर्यास्तानंतरच पाहावे लागणार.

दोन प्रकारची वाळू

धरणाखालची वाळू आणि जलाशयातील वाळू यांत फरक करावयास हवा. तो न केल्याने बऱ्याच चर्चा भरकटतात.

धरणाच्या खाली पंढरपूर, मंगळवेढा या बाजूस भीमेला पाणी येते ते पुराचे अथवा सोडलेल्या आवर्तनाचे. मधल्या काळात पात्रातील वाळूच पाणी धरून ठेवते. या प्रदेशाचा खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी मुरण्यास वाव थोडा. नदीकाठच्या विहिरी व गावच्या पाणीयोजनांचे उद्‌भव या वाळूच्या थरावर अवलंबून असतात. थर गेला की आवर्तनाचे पाणी वाहून जाते, विहीर लवकर तळ गाठते आणि जे पाणी येते तेही पूर्वीसारखे गाळून येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा अभिप्राय घेतल्याखेरीज घाट ठरवू नये, असा जो दंडक आहे तो याच कारणासाठी. पंढरपुरात तर चंद्रभागेचे वाळवंट हे वारीचे अंगण. तेथे कोणी खोदलेला खड्डा आषाढीला पाण्याने झाकला जातो आणि स्नानास उतरलेल्या वारकऱ्याला त्याची कल्पना नसते.

जलाशयातील गोष्ट निराळी आहे. वाहते पाणी साठलेल्या पाण्यात शिरले की त्याचा वेग मंदावतो. जाड वाळू वरच्या टोकाला, म्हणजे दौंड–कर्जतच्या बाजूस बसते आणि बारीक गाळ तेवढा पुढे सरकतो. शिवाय भीमा, मुळा–मुठा, घोड या नद्यांवर व त्यांच्या उपनद्यांवर पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान, डिंभे, घोड अशी धरणे असल्याने वरून येणारी वाळू मुळातच पूर्वीइतकी राहिलेली नाही. करमाळा व इंदापूर तालुक्यांच्या मध्ये खोल पाण्याखाली जी वाळू आहे तिचा मोठा भाग १९८० पूर्वीच्या नदीने आणून ठेवलेला आहे. ती काढली तर पुढच्या पावसाळ्यात भरून येणार नाही. वाळू हे ‘दरवर्षी परत येणारे खनिज’ आहे हा नेहमीचा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

यावर असे म्हटले जाते की, धरणातील गाळ व वाळू काढली तर साठा वाढेल. मग हरकत कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. शासनाने ज्या मोठ्या धरणांतील गाळ व वाळू काढण्याचा विचार केला, त्यांत उजनीचेही नाव होते. परंतु आखणी करून, तळाची पातळी मोजून, गाळासकट वाळू उचलणे निराळे. आणि नळी खाली सोडून वाळू तेवढी वर ओढणे व गाळ पाण्यातच परत सोडणे निराळे. दुसऱ्या प्रकारात साठा वाढण्याऐवजी पाणी गढूळ होते आणि तळाला विहिरीसारखे खड्डे पडतात.

बोट, नळी आणि हद्द

जलाशयातून वाळू काढण्याचे साधन म्हणजे फायबरची बोट. तिच्यावर डिझेल इंजिन व शोषक पंप बसविलेला असतो. काठची मंडळी तिला नुसते ‘सक्शन बोट’ म्हणतात. नदीपात्रातील घाटाच्या मंजुरीत यंत्राने उपसा करण्यास सामान्यतः मनाई असते, त्यामुळे अशी बोट पात्रात दिसली की अटीचा भंग जागच्या जागी सिद्ध होतो. अडचण बोट सापडण्याची असते. जलाशयाच्या मधोमध गेलेल्या जुन्या पात्राने एकीकडे सोलापूर व दुसरीकडे पुणे जिल्हा वेगळा केला आहे. वरच्या अंगाला अहिल्यानगर जिल्ह्याचा कर्जत तालुका लागतो. करमाळ्याचे पथक निघाले की बोट इंदापूरच्या काठाला लागते, इंदापूरचे पथक निघाले की करमाळ्याच्या. पाण्यावर हद्दीचा दगड नसतो. संबंधित तालुक्यांच्या तहसीलदारांनी एकाच दिवशी, एकाच वेळी केलेली संयुक्त कारवाई जेवढी फलदायी होते, तेवढ्या स्वतंत्र कारवाया होत नाहीत, याचे कारण दुसरे कोणतेही नाही.

पकडलेल्या बोटी जिलेटिनच्या स्फोटाने उडवून बुडविल्याच्या बातम्या काठच्या गावांना परिचित आहेत. बोट ओढून नेण्यास क्रेन लागते, ती चिखलात पोहोचत नाही, आणि काठावर ठेवलेली बोट सकाळपर्यंत राहीलच असे नाही. तेव्हा पथकापुढे पर्याय थोडे असतात हे मान्य करावे लागेल. तथापि इंजिनातील तेल व फायबरचे तुकडे त्याच पाण्यात राहतात. सोलापूर, बार्शी, करमाळा, इंदापूर आणि मराठवाड्यातील धाराशिवपर्यंतची वस्ती उजनीचे पाणी पिते. पर्यावरणाच्या रक्षणासाठी केलेल्या कारवाईने पाण्यात डिझेल मिसळावे, ही गोष्ट विसंगत आहे. निदान बोट नष्ट करण्यापूर्वी तेल काढून घेणे व इंजिन काठावर आणणे पथकाला शक्य असते, आणि पंचनाम्यात तशी नोंदही करता येते.

बोटी ओळखताना काळजी घ्यावी लागते ती भोई समाजाच्या मासेमारी बोटींची आणि प्रवासी बोटींची. धरणाने जुने रस्ते पाण्याखाली गेले, आणि ज्या गावी पूर्वी चालत जात तेथे आता रस्त्याने मोठा वळसा पडतो. लोक बोटीने जातात ते हौसेने नव्हे. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर बोटींची नोंद व जीवरक्षक जाकिटे यांचा प्रश्न ऐरणीवर आला. शिरसोडी–कुगाव पुलालाही मंजुरी मिळालेली आहे. तपासणी पथकाने प्रत्येक बोटीची नोंद करताना ती कशासाठी वापरली जाते हे लिहिणे म्हणजे दोन कामे एकाच फेरीत करणे होय. अर्थात पथकातील ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) व कोतवाल यांच्याही अंगावर जाकीट असावयास हवे.

खड्ड्याचे गणित

प्रत्यक्ष तपासणीत सर्वांत महत्त्वाचे काम मोजमापाचे, आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. ‘मोठ्या प्रमाणावर उपसा झाल्याचे दिसून आले’ हे वाक्य पंचनाम्यात असले तरी अपिलात टिकत नाही. आकडा लागतो.

धरणाखालच्या एखाद्या कोरड्या घाटाचे उदाहरण घेऊ. समजा, खड्डा ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद व सरासरी १.५ मीटर खोल आहे. घनफळ ९०० घनमीटर झाले. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. ९०० ला २.८३ ने भागले असता ३१८ ब्रास येतात. त्या घाटावरून वाहतूक परवाने, म्हणजे महाखनिज प्रणालीतील पास, १५० ब्राससाठी निघाले असतील, तर १६८ ब्रासचा हिशेब चालकाने द्यावयाचा आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ (७) खाली बिगरपरवाना खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून हा १६८ चा आकडा किती काळजीने काढला आहे याला महत्त्व आहे. सातवी–आठवीच्या वर्गाला घनफळ शिकविताना गुरुजींनी हे उदाहरण घेण्यास हरकत नाही.

येथे दोन ठिकाणी चूक होते. पहिली सरासरी खोलीची. खड्डा मध्ये खोल व कडेला उथळ असतो. मधली एकच खोली धरली तर आकडा फुगतो आणि दंडाचा आदेश रद्द होण्यास तेवढे कारण पुरते. लांबी व रुंदीत ठरावीक अंतराने मापे घेऊन सरासरी काढावी. दुसरी चूक काठावरच्या ढिगाची. ओलसर वाळू फुगते; तिचे आकारमान कोरड्या वाळूपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी, कधी त्याहूनही अधिक भरते. म्हणून ढिगाचे ब्रास व खड्ड्याचे ब्रास तंतोतंत जुळत नाहीत. ते जुळले नाहीत म्हणून पंचनामा खोटा ठरत नाही, पण फरक का पडला हे पंचनाम्यातच लिहिलेले असावे.

पाण्याखालच्या खड्ड्याचे माप घेणे कठीण वाटते, तरी त्याला दोरी व वजन पुरेसे आहे. दर अर्ध्या मीटरवर खूण केलेली दोरी बोटीतून सोडून तळ लागेपर्यंतची खोली पाहावयाची. मात्र नुसती खोली लिहून उपयोग नाही, कारण जलाशयाची पातळी बदलत राहते. धरणावर रोज पातळीची नोंद होते. भीमानगर येथील कार्यालयाकडून ती घ्यावी. समजा, त्या दिवशी पातळी ४९५.०० मीटर आहे. आजूबाजूचा तळ ६ मीटरवर लागला, म्हणजे तो ४८९.०० मीटर पातळीवर आहे. एका जागी दोरी ९.५ मीटर गेली, म्हणजे तेथील तळ ४८५.५० मीटरवर. खड्डा साडेतीन मीटरचा. दोन महिन्यांनी पाणी दोन मीटर उतरल्यावर दुसऱ्या पथकाने मोजले तरी ४८५.५० हाच आकडा यावयास हवा. तो ४८४ आला तर मधल्या काळात उपसा चालू होता हे त्या आकड्यावरून दिसते.

या साऱ्या मोजमापाला पाया हवा, आणि तो ऑक्टोबरचा. ‘हा खड्डा जुनाच आहे, मागच्या ठेकेदाराचा आहे’ हे उत्तर प्रत्येक चौकशीत ऐकावयास मिळते. पावसाळ्यानंतरची पातळी ज्या गावाने मोजून, दिनांक घालून, ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवली असेल, तेथे हे उत्तर चालत नाही. ज्या गावाने ठेवली नाही, तेथे डिसेंबरच्या पथकाने कितीही परिश्रम केले तरी शेवटी संशयाचा फायदा चालकाला जातो.

पूल, गाळपेर, पक्षी

पुलाजवळचा उपसा हा विषय थोडक्यात सांगण्यासारखा असला तरी टाळता येणारा नाही. पात्रातील खड्डा एका जागी राहत नाही. पुराचे पाणी त्याची वरची कड खात जाते आणि तळ उगमाच्या दिशेने खचतो. पुलाचे पाये उघडे पडतात ते असे. २०२० च्या मार्गदर्शिकेत पुलाच्या वरच्या बाजूस किमान २५० मीटर व खालच्या बाजूस किमान ५०० मीटर अंतर सोडण्यास सांगितले आहे. मंजुरीपत्रात याहून अधिक अंतर असल्यास ते लागू. करमाळा तालुक्याला डिकसळच्या बाजूने जोडणारा पूल ब्रिटिश अमदानीत रेल्वेसाठी बांधलेला आहे. अशा जुन्या दगडी बांधकामाजवळ अंतर टेपने मोजून लिहावे, नजरेच्या अंदाजाने लिहू नये.

जानेवारीनंतर पाणी उतरू लागते आणि उघड्या पडलेल्या काठावर गाळपेरीची पिके उभी राहतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला होता. तळाचे खड्डे अशा वर्षी सर्वांना दिसतात. जनावरे पाण्यावर नेणाऱ्या मुलांना ते त्याआधी, गुडघाभर पाणी असताना, दिसत नाहीत. पथकाने आढळलेल्या खड्ड्यांच्या जागा गावच्या फलकावर लावण्यास व काठावर बांबू रोवून खूण करण्यास कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या उथळ काठांवर हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, चक्रवाक असे पक्षी उतरतात. रोहित पक्षी उथळ चिखलातील सूक्ष्म जीव गाळून खातो. इतर पक्षी काठच्या वनस्पतीवर व माशांवर जगतात. पंपाने ढवळलेले गढूळ पाणी व रात्रभर चालणारे इंजिन यांचा त्यांच्यावर परिणाम होतो, आणि पक्षी पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांना नाव फिरविणाऱ्या कुटुंबांच्या मिळकतीवरही. तपासणीच्या नमुन्यात पक्ष्यांसाठी रकाना क्वचितच असतो. असावा.

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे?

वाळू लागणार नाही असे कोणी म्हणत नाही. घरकुल बांधणाऱ्याला ती लागते. २०२५ च्या राज्य धोरणात अशा लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद आहे, आणि दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूच्या वापरालाही उत्तेजन दिलेले आहे. नियमाने दिलेली वाळू आणि रात्री गेलेली वाळू यांतला फरक गावाला कागदावरून ओळखता यावा, एवढाच प्रश्न आहे.

तो कागद गावाच्या आवाक्याबाहेर नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीपत्राची प्रत चालकाने ग्रामपंचायतीला द्यावयाची असते, आणि ती मिळाल्यापासून ३० दिवस ग्रामपंचायतीने ती लोकांना पाहता येईल अशी लावावयाची असते. पुष्कळ ठिकाणी हे पत्र फायलीत जाते. ते इंग्रजीत असते हे एक कारण. शाळेतील शिक्षकांच्या साहाय्याने त्यातील खोली, सीमा, वेळ, यंत्र व अंतर या पाच अटींचा मराठी गोषवारा काढून शेजारी लावता येतो. सहामाही अनुपालन अहवाल हाही सार्वजनिक दस्तऐवज आहे. कोणाही नागरिकाने अर्ज केल्यास त्याची प्रत द्यावी लागते. सरपंच, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व पोलीस पाटील यांच्या ग्रामदक्षता समितीने डिसेंबरच्या बैठकीत हा अहवाल मागवून ऑक्टोबरच्या मापांशेजारी ठेवला, तर तपासणी पथक येण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असते.

एक गोष्ट मात्र गावाने अंगावर घेऊ नये. रात्री बोट दिसली म्हणून तरुणांनी काठ्या घेऊन पाण्यात उतरणे धोक्याचे आहे, आणि कायद्यानेही त्यांना तसा अधिकार नाही. दिसलेली वेळ, जागा, काठावरच्या वाहनाचा क्रमांक व शक्य तर छायाचित्र, इतके तहसील कार्यालयाला व पोलीस ठाण्याला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी, आणि समितीच्या नोंदवहीत त्याच तारखेला तशी नोंद करावी. काठच्या दोन्ही गावांनी, सोलापूरच्या आणि पुण्याच्या, अशी वही ठेवली, तर बोट अलीकडून पलीकडे कधी गेली हे दोन वह्यांवरून लागते. आणि संयुक्त तपासणीची तारीख ठरविताना दोन्ही तालुक्यांच्या अधिकाऱ्यांना त्याच दोन वह्या समोर ठेवता येतात.